ग्रीसमधील लष्करी राजवटीतला '४ ऑगस्ट पक्ष': विश्वासार्ह साधने कोणती?

टिपणवही (प्रश्न)

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात वाढलेल्या अतिउजव्या संघटनांवर मी मराठीत एक दीर्घ टिपण लिहीत आहे. त्यातील ग्रीसच्या भागात कॉन्स्टँटिनोस प्लेव्ह्रिस या वकिलाने काढलेल्या '४ ऑगस्ट पक्षा'पाशी माझे काम अडले आहे. जनरल इओआनिस मेटाक्सास याने ४ ऑगस्ट १९३६ रोजी ग्रीसमध्ये हुकूमशाही आणली, त्या दिवसाचेच नाव या पक्षाने घेतले होते. पक्षाची स्थापना सामान्यतः १९६५ ची सांगितली जाते, पण १९६० हे सालही अधूनमधून दिसते. विसर्जन १९७७ मध्ये झाले असे म्हणतात. या दोन टोकांच्या मधोमध २१ एप्रिल १९६७ ते जुलै १९७४ हा कर्नलांच्या, म्हणजे सत्ता बळकावणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या, राजवटीचा काळ येतो.

अडचण अशी आहे की इंग्रजीत जे सहज हाती लागते ते एकमेकांवरूनच उतरवलेले दिसते. मूळ शोधत गेले की शेवटी एखादे नव-नाझी संकेतस्थळ, संस्थापकाचे स्वतःचे लेखन किंवा संदर्भ न देणारा वृत्तपत्रीय लेख यांपैकी काहीतरी समोर येते. हा पक्ष राजवटीचा लाडका होता, त्याचे इटलीतील नव-फॅसिस्टांशी संधान होते आणि पुढचा 'गोल्डन डॉन' हा नव-नाझी पक्ष याच्याच कुशीतून जन्मला, ही तीन विधाने जवळजवळ प्रत्येक लेखात आहेत. ती खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. मात्र यांपैकी कोणते विधान कशाच्या आधारावर उभे आहे आणि टिपणात ते किती ठामपणे लिहावे, हे मला ठरवायचे आहे. ग्रीक मला येत नाही. यांत्रिक भाषांतराच्या मदतीने जेमतेम वाचता येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_दप्तरी

साधनांकडे वळण्यापूर्वी निवडणुकांचे वेळापत्रक समोर ठेवावे, कारण त्यातून बराच गोंधळ आपोआप निवळतो. ग्रीसमध्ये सत्तापालटापूर्वीची शेवटची संसदीय निवडणूक १६ फेब्रुवारी १९६४ रोजी झाली. पुढची निवडणूक २८ मे १९६७ ला ठरली होती, पण ती होऊ नये म्हणूनच कर्नलांनी एप्रिलमध्ये रणगाडे रस्त्यावर आणले. त्यानंतर मतदान झाले ते थेट १७ नोव्हेंबर १९७४ रोजी. म्हणजे स्थापना १९६५ ची धरली, तर या पक्षाला पहिली नऊ वर्षे एकही संसदीय निवडणूक लढवण्याची संधीच नव्हती. स्थापना १९६० ची धरली, तर १९६१, १९६३ आणि १९६४ अशा तीन निवडणुका त्याच्या हयातीत येतात आणि त्या त्याने का लढवल्या नाहीत, हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर पडते. या दोन सालांतला फरक म्हणूनच किरकोळ समजू नये. एखाद्या गटाने पत्रक काढले ते साल, नियतकालिक सुरू केले ते साल आणि 'पक्ष' हे बिरुद लावले ते साल, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात. संस्थापकाला नेहमी सर्वांत जुनी तारीख आवडते, हे आपल्याकडच्या संस्थांचे सुवर्णमहोत्सव पाहिलेल्यांना सांगायला नको.

दुसरा मुद्दा 'लष्करी राजवटीतील पक्ष' या शब्दप्रयोगाचा. सत्तापालट होताच १९५२ च्या राज्यघटनेतील संघटना, सभा आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्याची कलमे स्थगित करण्यात आली. 'ईडीए' हा डावा पक्ष आणि त्याच्याशी संबंधित संघटना बरखास्त झाल्या, पण पक्षीय राजकारण उजव्यांसाठीही बंदच होते. २९ सप्टेंबर १९६८ च्या सार्वमतातून जी नवी घटना मंजूर करून घेतली, तिच्यात पक्षांविषयी तरतुदी होत्या. पण त्यांची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली. पुराणमतवादी नेते कारामानलिस १९६३ पासूनच पॅरिसला होते आणि एलेनी व्लाहू यांच्यासारख्या उजव्या विचारांच्या प्रकाशिकेने सेन्सॉरखाली वृत्तपत्र काढण्यापेक्षा आपली 'काथिमेरिनी' व 'मेसिम्व्रिनी' ही दोन्ही पत्रे बंद ठेवणे पसंत केले. अशा काळात एखादा गट टिकून राहिला असेल, तर त्याला कायदेशीर अर्थाने पक्ष म्हणता येत नाही. 'राजवटीने खपवून घेतलेला गट' एवढेच म्हणता येईल, आणि तेवढे म्हणण्यासाठीसुद्धा पुरावा द्यावा लागेल.

तो पुरावा कुठे शोधावा? माझ्या मते सर्वांत आधी या गटाच्या नियतकालिकात. त्याचेही नाव '४ ऑगस्ट' असेच होते. त्यातील मजकूर खरा मानावा असे मी अजिबात म्हणत नाही. प्रचारपत्रातले सदस्यसंख्येचे आकडे तर वाचूही नयेत. महत्त्वाच्या आहेत त्या अंकांवरील तारखा. ग्रीसमध्ये १९६७ पासून १९६९ च्या अखेरपर्यंत छापण्यापूर्वीच मजकूर तपासणारे सेन्सॉर होते. या काळात एखादा अंक निघाला असेल, तर तो त्यांच्या नजरेखालून गेला असणार आणि त्या अंकाचे अस्तित्व हाच राजवटीच्या संमतीचा पुरावा ठरतो. अंक मध्येच थांबले असतील, तर 'लाडका' हा शब्द पुन्हा तपासावा लागेल. अथेन्समधील संसदेच्या ग्रंथालयाकडे जुन्या वृत्तपत्रांचा मोठा संग्रह आहे. तेथे विचारणा करून पाहावी.

टिपणवही

मनःपूर्वक आभार. वेळापत्रकाचा मुद्दा एवढा साधा असूनही मी वाचलेल्या एकाही लेखात तो नव्हता. एक उपप्रश्न आहे. प्लेव्ह्रिस हा कर्नलांपैकी इओआनिस लादास याच्या निकटचा होता, असे अनेक ग्रीक लेखांत येते. लादास सत्तापालटाच्या वेळी लष्करी पोलिसांचा प्रमुख होता आणि नंतर सार्वजनिक सुव्यवस्था मंत्रालयाचा महासचिव झाला. ही जवळीक सिद्ध झाली, तर पक्ष राजवटीशी जोडलेला होता असे म्हणता येईल का?

जुना_दप्तरी

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. एका माणसाचे एका अधिकाऱ्याशी असलेले संबंध ही एक गोष्ट, आणि संघटनेचे राज्ययंत्रणेशी असलेले नाते ही दुसरी. कर्नलांची राजवट एकजिनसी नव्हती. पापादोपुलोस, पट्टाकोस आणि माकारेझोस हे त्रिकूट वरच्या बाजूला होते, लादाससारखे कडवे लोक त्यांच्यापासून काही अंतर राखून होते, आणि लष्करी पोलिसांच्या जोरावर इओआनिदिस वेगळीच ताकद बाळगून होता. त्याच इओआनिदिसने २५ नोव्हेंबर १९७३ रोजी पापादोपुलोसला बाजूला सारले. एखादा विचारवंत लादासच्या दारी बसत असेल, तर त्यावरून त्याला पापादोपुलोसचाही आशीर्वाद होता असे ठरत नाही.

शिवाय राजवटीची अधिकृत विचारसरणी मेटाक्सासची नव्हती. तिचे बोधचिन्ह फिनिक्स पक्षी आणि सैनिक, तिचा सण २१ एप्रिल, आणि तिची घोषणा 'ख्रिस्ती ग्रीकांचा ग्रीस'. तिच्या बाजूने लिहिणारे साव्वास कॉन्स्टँटोपुलोस आणि येओर्गिओस येओर्गालास हे दोघेही पूर्वाश्रमीचे साम्यवादी होते. ४ ऑगस्टचे नाव कपाळावर लावून फिरणारा गट या राजवटीला उपयोगाचा वाटला असेल तसा अडचणीचाही वाटला असेल. ही शक्यता लेखकाने खुली ठेवावी.

पो_नदीकाठी

मी बरीच वर्षे उत्तर इटलीत राहतो आणि इटालियन वाचतो, म्हणून दुसऱ्या विधानापुरते लिहितो. इटलीशी संबंध ही गोष्ट तिन्हींपैकी सर्वांत भरभक्कम कागद असलेली आहे, आणि सर्वांत जास्त कल्पनाविस्तारही तिच्यातच झाला आहे.

भक्कम भाग असा. १९६८ च्या वसंतात इटलीतील अतिउजव्या विद्यार्थ्यांची एक तुकडी कर्नलांच्या ग्रीसला भेट देऊन आली. या वर्तुळातले पिनो राऊती हे 'ऑर्दिने नुओवो'चे संस्थापक आणि स्तेफानो देल्ले कियाये हे 'अव्हांग्वार्दिया नात्सिओनाले'चे. परत आल्यावर काही जणांनी एकाएकी अराजकवादी वेष घेतला. त्यांतले सर्वांत गाजलेले नाव मारिओ मेर्लिनो. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझ्झा फोंताना येथील बँकेत बॉम्बस्फोट होऊन १७ माणसे मेली, तेव्हा आळ आधी अराजकवाद्यांवरच घेतला गेला. इटालियन न्यायालये आणि दहशतवादी हत्याकांडांची चौकशी करणारा संसदीय आयोग यांनी या प्रकरणाचा चिकार कागद निर्माण केला असून त्यातला बराच आज सर्वांना पाहता येतो. न्यायालयीन कागदाचा फायदा असा की तिथे साक्षीदाराची उलटतपासणी झालेली असते. तोटा असा की त्यात पोलिसांच्या खबऱ्यांची टिपणेही शपथेवरील साक्षींच्या शेजारी बसलेली असतात. 'आयोगाच्या कागदपत्रांत आहे' एवढे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. तो कागद कोणी लिहिला आणि आयोगाने त्यावर काय मत दिले, हेही सांगावे लागते.

आता निसरडा भाग. स्फोटाच्या अगदी आधी, डिसेंबर १९६९ च्या पहिल्या आठवड्यात, लंडनच्या वृत्तपत्रांत एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. ग्रीक परराष्ट्र खात्याने रोममधील आपल्या राजदूताला पाठवलेला म्हणून तो सांगितला गेला. त्यात इटलीतील सत्तापालटाच्या तयारीचा उल्लेख होता आणि एका 'श्रीयुत पी.' यांचाही होता. हे पी. म्हणजे कोण? काहींनी राऊतींचे पहिले नाव पिनो म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले, तर काहींनी प्लेव्ह्रिसच्या आडनावाकडे. दस्तऐवज अस्सल आहे की नाही, यावरच तेव्हापासून वाद आहे. असे असताना 'लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या गुप्त कागदांवरून प्लेव्ह्रिसचा सहभाग सिद्ध होतो' असे वाक्य पुस्तकामागून पुस्तकात सरकत राहिले. एका आद्याक्षरावर एवढा इमला! प्रश्नकर्त्यांनी हा कागद उल्लेखावा जरूर, पण 'प्रसिद्ध झाला', 'अस्सलपणा वादग्रस्त', 'ओळख दोन प्रकारे लावली जाते' ही तिन्ही अंगे एकत्र मांडावीत.

त्याच १२ डिसेंबर १९६९ ला ग्रीसने युरोप परिषदेतून अंग काढून घेतले. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलँड्स यांच्या तक्रारीवरून छळाच्या आरोपांची चौकशी झाली होती आणि हकालपट्टी अटळ दिसत होती, म्हणून. तारखेचा हा योगायोग कटसिद्धांतवाल्यांना फार प्रिय आहे. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मात्र त्या चौकशीचा अहवाल राजवटीतील छळावरचा अव्वल दर्जाचा पुरावा आहे, तो जरूर वापरावा. '४ ऑगस्ट पक्षा'विषयी मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. त्याचा विषयच तो नाही.

मला यातली विसंगती मात्र राहून राहून खटकते. ऑक्टोबर १९४० मध्ये मुसोलिनीचा निर्वाणीचा खलिता नाकारला तो मेटाक्सासने, आणि ग्रीक लोक २८ ऑक्टोबरला अजून राष्ट्रीय सण पाळतात तो त्याच नकाराचा. त्याच्या नावाने निघालेल्या पक्षाने मुसोलिनीच्या वारसांशी सोयरीक जमवावी, हे त्यांच्या नियतकालिकात कसे समर्थिले गेले असेल हे वाचायला मिळाले तर फार उद्बोधक ठरेल.

मुसाफिर_७२

क्षमस्व, पण मला येथे एक वेगळी शंका मांडायची आहे. या विषयावरचे जवळजवळ सर्व ग्रीक लेखन अतिउजव्यांच्या विरोधकांनी केलेले आहे. दिमित्रिस प्सार्रास हे पत्रकार आणि 'एलेफ्थेरोतिपिया' वृत्तपत्रातील 'इओस' हा शोधपत्रकारांचा गट यांची भूमिका उघड आहे. संस्थापकाचे म्हणणे अविश्वसनीय म्हणून टाकायचे आणि विरोधकांचे म्हणणे साधन म्हणून घ्यायचे, हा दुजाभाव नाही का?

जुना_दप्तरी

शंका रास्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. लेखकाला भूमिका आहे एवढ्याने त्याचे लेखन बाद होत नाही. प्सार्रास किंवा 'इओस' यांच्या लेखात बहुधा अंकाची तारीख, न्यायालयीन निकाल किंवा छायाचित्र दिलेले असते. ते खोडून काढायचे तर कागद दाखवून खोडता येते. संस्थापकाच्या आठवणींत 'मी अमक्याला सल्ला दिला' असे येते आणि त्याला दुसऱ्या बाजूने आधार नसतो. अस्सल कागद आणि बखर यांतला फरक मराठी इतिहासवाचकाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. पण बखरही आपण फेकून देत नाही. लिहिणाऱ्याला स्वतःविषयी लोकांनी काय समजावे असे वाटत होते, यासाठी ती उत्तम साधन असते. संस्थापकाच्या आठवणीही तशाच, 'त्यांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार' एवढे जोडून, वापराव्यात.

खरी काळजी घ्यायची ती विरोधक आणि संस्थापक एकच गोष्ट सांगू लागतात तेव्हा. राजवटीच्या काळात हा गट फार प्रभावी होता, असे दोघेही म्हणतात. एकाला स्वतःचे महत्त्व वाढवायचे असते, दुसऱ्याला धोक्याची तीव्रता दाखवायची असते. दोन विरुद्ध पक्षांची साक्ष जुळली म्हणजे ती पक्की झाली, हा नेहमीचा ठोकताळा येथे फसतो. अशा विधानासाठी तिसरा साक्षीदार हवाच, आणि शक्यतो त्या काळातला.

अशा तिसऱ्या साक्षीदारांपैकी अमेरिकी परराष्ट्र खात्याचे प्रसिद्ध झालेले कागद सहज मिळतात. १९६४ ते १९७६ पर्यंतच्या खंडांत ग्रीस आहे. पण त्यांचे लक्ष राजा, कर्नल, सायप्रस आणि शस्त्रपुरवठा यांवर खिळलेले आहे. लहानशा गटाचा उल्लेख तिथे सापडला नाही, तर त्यावरून अर्थ काढू नये. ग्रीक पोलिसांकडील नागरिकांच्या फायलींची गत तर आणखी वाईट झाली. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ग्रीसमधील यादवी युद्धाचा शेवट होऊन ४० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, उजव्या आणि डाव्या पक्षांच्या संयुक्त सरकारने अशा लक्षावधी फायली एलेफ्सिनाच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीत घातल्या. हेतू समेटाचा होता आणि अनेक पोळलेल्या कुटुंबांना त्याने दिलासाही दिला. इतिहासकारांनी तेव्हाच विरोध केला होता, तो अजून रास्त वाटतो. त्या फायली मुख्यतः डाव्यांच्या होत्या हे खरे. पण पोलिसांना खबर पुरवणारे कोण होते, हेही त्यांतूनच कळले असते.

अभ्यासिका

तिसऱ्या विधानाबद्दल थोडे लिहिते. 'गोल्डन डॉन'चा संस्थापक निकोलाओस मिहालोलियाकोस याचा जन्म डिसेंबर १९५७ चा आणि तो सोळाव्या वर्षी '४ ऑगस्ट पक्षा'त गेला, असे सर्वत्र येते. हे खरे धरले, तर प्रवेशाचा काळ डिसेंबर १९७३ ते डिसेंबर १९७४ यांच्या दरम्यान पडतो. राजवट कोसळली २३-२४ जुलै १९७४ ला. म्हणजे 'कर्नलांच्या काळात घडलेला कार्यकर्ता' हे वर्णन फार तर इओआनिदिसच्या शेवटच्या आठ महिन्यांना लागू पडते, कदाचित अजिबातच पडत नाही. त्याच्याविषयीची पक्की सार्वजनिक नोंद सुरू होते ती लोकशाही आल्यावर. डिसेंबर १९७६ मध्ये '१७ नोव्हेंबर' या अतिडाव्या सशस्त्र गटाने मालिओस या छळाबद्दल कुप्रसिद्ध पोलीस अधिकाऱ्याला ठार केले. त्याच्या अंत्ययात्रेत पत्रकारांना मारहाण झाली आणि त्यात मिहालोलियाकोसला अटक झाली. 'गोल्डन डॉन' हे नाव डिसेंबर १९८० मध्ये एका मासिकाचे म्हणून आले. मधल्या काळात १९७७ चे विसर्जन येते. तेव्हा 'त्याच पक्षाचे पुढचे रूप' असे न लिहिता 'काही माणसे आणि काही कल्पना तिकडून इकडे आल्या' एवढेच लिहावे. या भागासाठी वासिलिकी येओर्गियादू आणि अँटोनिस एलिनास यांचे अभ्यास जरूर पाहावेत.

दुसरे, प्लेव्ह्रिसविषयी लिहिताना पुढच्या खटल्याचा उल्लेख करणार असाल तर तो पूर्ण करावा. ज्यूविरोधी पुस्तकाबद्दल डिसेंबर २००७ मध्ये त्याला १४ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, हे इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी आहे. मात्र २००९ मध्ये अपिलात तो सुटला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली, हे बऱ्याच ठिकाणी नाही. सुटकेमुळे पुस्तकातील विष कमी होत नाही, पण अर्धाच निकाल सांगणारे टिपण कोणीही सहज मोडीत काढू शकते. याउलट 'गोल्डन डॉन'ला ७ ऑक्टोबर २०२० रोजी अथेन्सच्या न्यायालयाने गुन्हेगारी संघटना ठरवले, ते निःसंकोच लिहावे.

अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधील विद्यार्थ्यांनी राजवटीविरुद्ध केलेल्या उठावात, म्हणजे नोव्हेंबर १९७३ मध्ये, या गटाच्या लोकांनी पोलिसांना साथ दिली असे कुठे वाचलेत, तर १९७५ च्या अखेरीस चाललेल्या त्या प्रकरणाच्या खटल्यातील साक्षींत त्याचा माग काढावा. साक्षीदाराचे नाव आणि न्यायालयाने त्यावर दिलेले मत मिळाल्याशिवाय ते वाक्य टिपणात घेऊ नये. आणि ग्रीक मजकूर शोधताना आडनाव ग्रीक लिपीतच, शेवटच्या 's'-ध्वनीसह आणि त्याशिवायही, घालून पाहावे. विभक्तीत तो गळतो आणि निम्मे निकाल हुकतात.

टिपणवही

सर्वांचे ऋण मानावे तितके थोडे. पक्षाविषयीचा परिच्छेद आता असा योजला आहे: "प्लेव्ह्रिस याने सामान्यतः १९६५ साली स्थापन केल्याचे मानले जाणाऱ्या या गटाने १९७४ पूर्वी संसदीय निवडणूक लढवली नाही, १९६७ नंतर देशात निवडणुकाच नव्हत्या आणि पक्षीय राजकारणावर बंदी होती. संस्थापकाचे राजवटीतील लादास या अधिकाऱ्याशी निकटचे संबंध होते असे ग्रीक पत्रकार लिहितात. गटाला राजवटीकडून कितपत आश्रय होता, हे त्याच्या नियतकालिकाच्या अंकांवरून तपासणे बाकी आहे." इटलीचा भाग स्वतंत्र परिच्छेदात, आणि 'श्रीयुत पी.' तळटीपेत.

जुना_दप्तरी

उत्तम. '१९६७ नंतर निवडणुकाच नव्हत्या' याऐवजी 'फेब्रुवारी १९६४ नंतर नोव्हेंबर १९७४ पर्यंत संसदीय निवडणूक झाली नाही' असे करावे, म्हणजे स्थापनेनंतरची पहिली दोन वर्षेही त्यात येतील. कर्नलांनी १९६८ आणि १९७३ मध्ये सार्वमते घेतली होती, म्हणून 'संसदीय' हा शब्द गाळू नये. संसदेच्या ग्रंथालयाला पत्र इंग्रजीत लिहिले तरी चालावे. फक्त नियतकालिकाचे नाव ग्रीक अक्षरांत द्यावे आणि १९६७ ते १९६९ या वर्षांचे अंक आहेत का, एवढेच विचारावे.